भिंतीत गेलेले मूलद्रव्य

१. दारात ढीग, तरी वापर नाही?

आवर्तसारणीत कार्बनच्या बरोबर खालच्या घरात सिलिकॉन आहे, हे कळल्यावर पुष्कळ जण एकच प्रश्न विचारतात. दोघांच्याही बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन, दोघेही चार बंध करू शकतात. मग सगळी जीवसृष्टी कार्बनचीच का? पृथ्वीचा जमाखर्च पाहिला की हा प्रश्न आणखी टोकदार होतो. भूकवचाच्या वजनात सिलिकॉनचा वाटा सुमारे २८ टक्के आहे आणि त्याच्या पुढे फक्त ऑक्सिजन आहे. कार्बनचा वाटा एका टक्क्याच्या विसाव्या भागाइतकाही भरत नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण, नदीची वाळू, शेतातली माती, कौले, विटा, खिडकीची काच, जिकडे हात लावावा तिकडे सिलिकॉन. एवढा माल दारात पडलेला असताना सजीवांनी दुर्मीळ कार्बन का निवडला असेल?

शाळेत मिळणारे उत्तर असे असते, की कार्बन लांब साखळ्या करतो आणि सिलिकॉनला ते जमत नाही. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. शिवाय या उत्तरामुळे सजीवांनी सिलिकॉनला नाकारले असा समज होतो, आणि तो साफ चुकीचा आहे. समुद्रातले अब्जावधी सूक्ष्मजीव सिलिकॉनशिवाय दुभंगू शकत नाहीत आणि भाताचे रोप तो जमिनीतून मुद्दाम ओढून घेते. या प्रकरणात मांडायचे आहे ते हे, की ज्या एका गुणामुळे सिलिकॉन सजीवांच्या चयापचयाबाहेर राहिला, त्याच गुणामुळे तो त्यांच्या भिंतींत आणि कवचांत आला. तो गुण म्हणजे ऑक्सिजनचा ओढा.

२. ऑक्सिजनचा ओढा

दोन अणूंमधला बंध किती पक्का, हे तो तोडायला किती ऊर्जा लागते त्यावरून ठरते. ठरावीक संख्येचे बंध तोडायला लागणारी ही ऊर्जा किलोज्यूलमध्ये मोजतात. या मापाने कार्बन-कार्बन बंध साधारण ३५० आणि कार्बन-ऑक्सिजन एकेरी बंध साधारण ३६० भरतो, म्हणजे दोन्ही जवळपास सारखेच. कार्बनच्या अणूला शेजारी कार्बन मिळाला काय किंवा ऑक्सिजन मिळाला काय, फारसा फरक पडत नाही. म्हणून हवेत भरपूर ऑक्सिजन असूनही साखर डब्यात वर्षभर साखरच राहते, आणि पेशीला हवे तेव्हा तिच्यातला एकेक बंध सोडवून ऊर्जा काढता येते.

आता सिलिकॉनचे आकडे पाहा. सिलिकॉन-सिलिकॉन बंध सुमारे २२० आणि सिलिकॉन-ऑक्सिजन बंध सुमारे ४५०, म्हणजे दुपटीहून अधिक. सिलिकॉनची साखळी बांधली तरी ऑक्सिजन किंवा पाणी दिसताच ती मोडून ऑक्सिजनला बिलगणे तिला केव्हाही फायद्याचे ठरते. याचा पुरावा सोप्या तुलनेत मिळतो. गोबरगॅसमधला मिथेन म्हणजे एक कार्बन आणि चार हायड्रोजन; शेगडी पेटवायला त्याला काडी लावावी लागते. कार्बनच्या जागी सिलिकॉन बसवला की सिलेन हा वायू होतो, आणि तो हवेत सुटला की काडी न लावताच पेट घेतो. कार्बनच्या रेणूंमध्ये जो दम आहे, काडी लागेपर्यंत थांबून राहण्याचा, तो इथे नाही. सजीवांचे सगळे तंत्र या थांबण्यावर उभे आहे, कारण विकरे म्हणजे एन्झाइम्स जेव्हा सांगतील तेव्हाच आणि तेवढेच रेणूंनी बदलावे लागते.

३. एक वायू, दुसरा दगड

कार्बन जळला की कार्बन डायऑक्साइड होतो, सिलिकॉन जळला की सिलिकॉन डायऑक्साइड. सूत्र सारखेच, पण पहिला वायू आणि दुसरा गारगोटी. कार्बनचा अणू लहान असल्यामुळे तो ऑक्सिजनला अगदी जवळ घेऊ शकतो आणि त्याच्याशी पक्का दुहेरी बंध करतो. दोन ऑक्सिजनशी दोन दुहेरी बंध झाले की त्याचे चारही बंध पुरे होतात आणि तीन अणूंचा सुटा रेणू हवेत उडायला मोकळा होतो. सिलिकॉनचा अणू मोठा आहे. त्याच्यात आणि ऑक्सिजनमध्ये अंतर जास्त पडते, म्हणून त्यांचा दुहेरी बंध टिकाव धरत नाही. तो चार वेगवेगळ्या ऑक्सिजनशी चार एकेरी बंध करतो, त्यातला प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरतो, तो पुढच्याला, असे सर्व दिशांनी चालूच राहते. वाळूचा एक शुद्ध कण म्हणजे असे एकच अखंड जाळे. ते वितळवायला सुमारे १,७०० अंश सेल्सिअस तापमान लागते. या सिलिकॉन डायऑक्साइडलाच सिलिका म्हणतात आणि इथून पुढे तो शब्द वारंवार येणार आहे.

याचा जगण्याशी संबंध थेट आहे. अन्न जाळून झाल्यावर उरलेला कार्बन आपण श्वासातून बाहेर टाकतो, तो पाण्यात विरघळतो, हवेत पसरतो, झाड तो पुन्हा उचलते. धंद्यात खेळता पैसा असतो, तसा हा कार्बन: आज या हातात, उद्या त्या हातात. सिलिकॉन म्हणजे घराच्या भिंतीत घातलेला पैसा. तो बुडालेला नसतो, उलट त्याने डोक्यावर छप्पर येते, पण उद्याच्या किराण्याला तो उपयोगी पडत नाही. एखाद्या जीवाने सिलिकॉन जाळून ऊर्जा काढायची ठरवली, तर प्रत्येक श्वासाची राख म्हणून पेशीत वाळू साचेल.

कोणी म्हणेल, कार्बनही दगडात जातोच की. शिंपले, प्रवाळ, चुनखडीचे डोंगर ही सगळी कार्बनचीच गुंतवणूक. खरे आहे. पण चुनखडी साध्या आम्लाने विरघळते. गोगलगाय वेळ पडल्यास आपल्याच शंखातला चुना परत घेऊ शकते. सिलिकावर नेहमीच्या आम्लांची मात्रा चालत नाही. हायड्रोफ्लोरिक आम्लच ती झपाट्याने खाते, आणि तसले आम्ल पेशीला बाळगता येणार नाही.

४. मग तो आत येतो कसा?

इतका हट्टी पदार्थ मुळात सजीवांच्या आत शिरतो कसा, असे कोणालाही वाटेल. त्याचे उत्तर पाण्यात आहे. पावसाचे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकावरून वाहताना त्यातली खनिजे फार सावकाश झिजवते. दख्खनचा बेसाल्ट हा अशा झिजेला तुलनेने लवकर बधणारा खडक. या झिजेतून सिलिकॉनचा एकेक अणू चार हायड्रॉक्सिल गट घेऊन सुटा होतो. हे सिलिसिक आम्ल. नावात आम्ल असले तरी ते इतके सौम्य आहे, की साध्या पाण्यात त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. नद्या, विहिरी, समुद्र, मातीतली ओल, सगळीकडे ते थोडेथोडे असते.

त्याची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. २५ अंशांच्या आसपास एका लिटर पाण्यात सुमारे १२० मिलिग्रॅम सिलिका या रूपात राहू शकते. त्यापुढे गेले की रेणू एकमेकांना बिलगतात, प्रत्येक जोडणीत पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि जेलीसारखी, पुढे काचेसारखी घट्ट सिलिका तयार होते. हिच्यात स्फटिकाची शिस्तशीर रचना नसते. तेव्हा सिलिकाची भिंत बांधायला सजीवाला भट्टी लागत नाही. सिलिसिक आम्ल एका जागी पुरेसे गोळा केले की झाले. बाकीचे काम ऑक्सिजनचा ओढा करतो. आणि सिलिकॉन आधीच ऑक्सिजनशी जोडलेला असल्यामुळे सूर्यप्रकाश खर्चून त्याला ऑक्सिजनपासून सोडवावे लागत नाही. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन बनवायचे तर कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात करून मोठी ऊर्जा मोजावी लागते. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रेव्हन यांनी १९८३ मध्ये या खर्चाचा हिशेब मांडला. तेवढ्याच वजनाची सिलिका लिग्निनच्या मानाने वीस पटींहून स्वस्त पडते.

५. काचेच्या घरात राहणारे

हा स्वस्त माल सर्वांत हुशारीने वापरला तो डायटमांनी. हे एकपेशीय शैवाल गोड्या पाण्यातही असते आणि समुद्रातही. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातला सुमारे पाचवा हिस्सा एकटे डायटम करतात, म्हणजे आपण घेतो त्या ऑक्सिजनच्या हिशेबात जंगलांइतकेच त्यांचेही नाव घ्यायला हवे. प्रत्येक पेशीभोवती सिलिकाचे दोन भागांचे कवच असते. एक भाग किंचित मोठा, दुसरा त्याच्या आत बसणारा. सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर छिद्रांच्या रांगा दिसतात, आणि त्या प्रत्येक जातीत वेगळ्या पण जातीपुरत्या ठरलेल्या असतात. पेशी दुभंगते तेव्हा प्रत्येक पिल्लाला जुना एक भाग मिळतो आणि दुसरा ते नव्याने, नेहमी आत बसणारा असा, बनवते. त्यामुळे पिढ्यागणिक एका शाखेचा आकार लहान होत जातो, आणि फार लहान झाल्यावर बहुतेक जाती लैंगिक प्रजननातून पुन्हा मूळ आकाराची पेशी घडवतात. कडक भिंतीत राहण्याची ही किंमत आहे.

काच कारखान्यात भट्टी १,५०० अंशांच्या घरात तापवावी लागते. डायटम हेच थंड समुद्रात करतो. कसे, याचा धागा १९९९ मध्ये जर्मनीत निल्स क्रोगर, राइनर डॉइट्समान आणि मानफ्रेड झुम्पर यांना सापडला. कवचातून त्यांनी सिलॅफिन नावाची प्रथिने वेगळी केली, ती परीक्षानळीतल्या सिलिसिक आम्लात टाकली, आणि काही मिनिटांतच सिलिकाचे बारीक गोळे खाली बसले. पेशी पडद्याच्या एका बंद पिशवीत सिलिसिक आम्ल साठवते आणि अशी प्रथिने त्याला कुठे, कसे बसायचे ते दाखवतात. स्पंजांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या सिलिकाच्या काट्यांच्या गाभ्यात १९९८ मध्ये सापडलेले सिलिकेटिन हे विकर प्रथिने पचवणाऱ्या एका जुन्या विकराचे जवळचे भावंड निघाले. पचनाचे हत्यार गवंडीकामाला लावले गेले, असे म्हणायला हरकत नाही.

इथे माझ्याच मांडणीवर एक आक्षेप घेता येतो. भिंतीत गेलेला पैसा परत येत नाही म्हणावे, तर मेलेल्या डायटमांचे निम्म्याहून अधिक कवच समुद्राच्या पाण्यात पुन्हा विरघळते, हे काय? आक्षेप योग्य आहे. स्फटिक नसलेली सिलिका विरघळते, पण सावकाश. पेशी जिवंत असेपर्यंत सेंद्रिय आवरण कवचाला जपते. मेल्यावर जिवाणू ते खातात आणि मग विरघळण्याला वेग येतो. त्यामुळे समुद्रात सिलिकॉनचेही चक्र चालते. पण चयापचयाला जी ये-जा लागते ती सेकंदांच्या हिशेबातली, आणि ही आहे दिवसांच्या, महिन्यांच्या. जे कवच तळाशी जाऊन गाडले जाते, ते तर लाखो वर्षे अडकून पडते. अशाच थरांची पांढरी, सच्छिद्र माती आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन शोषायला वापरली आणि १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले.

६. भाताचे पाते

जमिनीवरच्या वनस्पतींत सिलिकॉनचा लोभ सारखा नाही. टोमॅटो तो जेमतेम घेतो. भात, ऊस आणि बहुतेक गवते मात्र भरभरून घेतात. भाताच्या पेंढ्याच्या कोरड्या वजनात दहा टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते. तुसाचा हिशेब तर करून पाहण्यासारखा आहे. शंभर किलो भात भरडले की साधारण वीस किलो तूस निघते. ते जाळले की चार किलोच्या आसपास राख उरते, आणि त्या राखेत साडेतीन किलोच्या जवळपास निव्वळ सिलिका असते. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या चर्चेत ज्याचे नावही निघत नाही, ते हे मूलद्रव्य.

ते मुळात शिरते कसे, हे जपानमध्ये जियान फेंग मा आणि सहकाऱ्यांनी २००६ आणि २००७ मध्ये दाखवले. मुळाच्या ठरावीक पेशींच्या बाहेरच्या बाजूला एक वाट असते, तिथून सिलिसिक आम्ल आत येते. आतल्या बाजूला दुसरे प्रथिन ऊर्जा खर्चून ते पुढे ढकलते. मग ते पाण्याबरोबर पानापर्यंत चढते. पान पाण्याची वाफ बाहेर सोडते, सिलिका मागे राहते, मर्यादा ओलांडली जाते आणि पानाच्या मेणचट त्वचेखाली तिचा थर बसतो. पाते ताठ उभे राहते, एकमेकांवर सावली कमी पडते, पीक लोळत नाही, आणि पाते कुरतडणाऱ्या किडीच्या तोंडात खरखर येते. करप्याच्या बुरशीला आत शिरणे अवघड होते. करपा पडलेल्या भातात सिलिकॉन कमी असतो, हे जपानमध्ये १९१७ मध्येच नोंदवले गेले होते.

महाराष्ट्रात हा विचार शेतापर्यंत नेण्याचे श्रेय डॉ. नारायण सावंत यांना आहे. त्यांच्या चारसूत्री भातलागवडीचे पहिले सूत्रच भाताच्या अवशेषांचा फेरवापर हे आहे: तुसाची काळी राख रोपवाटिकेच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची आणि पेंढा शेतात गाडायचा. राख काळीच का, पांढरीशुभ्र का नको? तूस मंद जळले की त्यात थोडा कोळसा राहतो आणि सिलिका स्फटिक न होता तशीच राहते, म्हणून ती मातीच्या ओलीत विरघळते. फार तापली, ७००-८०० अंशांच्या वर गेली, की तिचे स्फटिक होऊ लागतात आणि मग ती रोपाला जवळपास वाळूइतकीच निरुपयोगी. पेंढा आणि तूस दरवर्षी शेताबाहेर जात असेल तर जमिनीतली ही सहज विरघळणारी सिलिका घटत जाते. मातीत सिलिकॉन अमाप असतो हे खरे, पण पिकाला मिळणारा त्यातला फारच थोडा.

यावर कृषिशास्त्रातला जुना आक्षेप असा: सिलिकॉन अत्यावश्यक अन्नद्रव्यांच्या यादीत नाही. आर्नन आणि स्टाउट यांनी १९३९ मध्ये कसोटी घालून दिली, की ज्या मूलद्रव्याशिवाय वनस्पतीचे जीवनचक्र पुरे होत नाही तेच अत्यावश्यक. सिलिकॉन नसलेल्या द्रावणात भात वाढतो, दाणेही धरतो. मग तो यादीत येणार कसा? माझ्या मते कसोटी बरोबर आहे, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. ती प्रयोगशाळेतल्या रोपाला लागू पडते, जिथे वारा नाही, बुरशी नाही, खोडकिडा नाही. भिंतीची गरज तपासायची तर वादळ नसलेल्या दिवशी तपासून कसे चालेल? सिलिकॉनने रोपाच्या आत एखादी रासायनिक क्रिया चालवावी अशी अपेक्षाच चूक आहे. त्याचा फायदा संकटात दिसतो, आणि शेतात संकट हा अपवाद नसतो.

या लोभाची एक किंमतही आहे. मातीत पाणी साचलेले असताना आर्सेनिक ज्या रूपात असते, ते रूप सिलिसिक आम्लासारखेच विद्युतभार नसलेले आणि साधारण त्याच आकाराचे असते. भाताची मुळे त्याच वाटेने तेही आत घेतात. बंगाल आणि बांगलादेशात भूजलातल्या आर्सेनिकचा प्रश्न गव्हापेक्षा भातात जास्त गंभीर होतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

७. दुसऱ्या ग्रहावर तरी?

सिलिकॉनी जीवांची कल्पना बरीच जुनी आहे. १८९१ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ युलियुस शाइनर यांनी ती मांडली होती. आजही युक्तिवाद असा केला जातो, की इथे पाणी आणि ऑक्सिजन आहे म्हणून सिलिकॉन अडकतो. जिथे ते नाहीत तिथे काय हरकत? हरकत विश्वाच्या जमाखर्चात आहे. विश्वात सिलिकॉनच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे पंधराच्या आसपास आणि कार्बनचे सहा-सात तरी अणू आहेत. ग्रह तयार होण्याआधीच, ताऱ्यांमधल्या धुळीतच, सिलिकॉन बहुतांशी ऑक्सिजनच्या हाती गेलेला असतो. सिलिकोन रबराचे उदाहरणही दिले जाते: त्यात सिलिकॉन-ऑक्सिजनची लांब, लवचीक साखळी असतेच. पण तिला लवचीक ठेवणारे बाजूचे गट कार्बनचे असतात. ते काढले की पुन्हा वाळूच.

सर्वांत भक्कम आक्षेप प्रयोगशाळेतून येतो. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रान्सिस अर्नोल्ड यांच्या गटाने उष्ण झऱ्यातल्या एका जिवाणूचे प्रथिन घेतले आणि निवडक बदल करत त्याच्याकडून कार्बन-सिलिकॉन बंध करून घेतला, तोही रसायनशास्त्रज्ञांच्या उत्प्रेरकांपेक्षा सरस. निसर्गातल्या कोणत्याही जीवात असा बंध बनताना आढळलेला नाही. म्हणजे सजीवांच्या यंत्रणेला हे अशक्य नव्हते. मग त्यांनी ते केले का नाही? प्रयोगात या प्रथिनाला जो कच्चा माल दिला होता, त्यात सिलिकॉन हायड्रोजनशी जोडलेला होता आणि तो माणसाने बनवलेला होता. निसर्गात सिलिकॉन त्या रूपात मिळत नाही. तो ऑक्सिजनने आधीच धरलेला असतो. हा प्रयोग माझ्या मांडणीला छेद देत नाही, तो अडचण नेमकी कुठे आहे ते दाखवतो.

८. माणसाच्या अंगात

माणसाच्या शरीरात एक-दोन ग्रॅम सिलिकॉन असतो. १९७२ मध्ये अमेरिकेत एडिथ कार्लाइल यांनी कोंबडीच्या पिल्लांवर आणि क्लाउस श्वार्ट्‌झ यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले, की आहारातून सिलिकॉन काढला तर हाडांची वाढ बिघडते. पुढच्या प्रयोगांत आहार सुधारल्यावर परिणाम तितका ठळक दिसला नाही. आपल्या शरीरात सिलिकॉनवर चालणारे एकही विकर आजवर निश्चित झालेले नाही, म्हणून त्याची रोजची शिफारस केलेली मात्राही ठरलेली नाही. केस आणि नखांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सिलिकाच्या गोळ्यांकडे पाहताना एवढे ध्यानात असावे. धान्य-भाज्यांतून आणि पाण्यातून जे सिलिसिक आम्ल पोटात जाते, त्यातले रक्तात उतरलेले बरेचसे काही तासांत लघवीवाटे निघूनही जाते.

मग दगडाची धूळ जीव का घेते? कारण ती या वाटेने येत नाही आणि या रूपात येत नाही. खंभातचे अकीक घासणारे, मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली बनवणारे, खाणीत आणि क्रशरवर काम करणारे मजूर श्वासाबरोबर स्फटिकरूप सिलिकाचे कण घेतात, ताज्या तुटलेल्या कडांसकट. फुप्फुसातल्या पांढऱ्या पेशी जिवाणू गिळावा तसा हा कण गिळतात, पण त्याला पचवणारे विकर आपल्या शरीरात नाही. पेशी मरते, कण तसाच बाहेर पडतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. दर वेळी सूज येते आणि सुजेच्या जागी व्रणाचे कडक तंतू साचत जातात. हा सिलिकोसिस. मजुराने काम सोडले तरी कण फुप्फुसातच असतात, त्यामुळे आजार पुढे सरकत राहतो. औषधाने ते विरघळवता येत नाहीत. उपाय आहे तो धूळ उडण्याआधीचा: दगड ओला ठेवून कापणे, यंत्रापाशीच धूळ ओढून घेणे, आणि जिथे जमेल तिथे वाळूच्या जागी दुसरा पदार्थ वापरणे.